नादारीचा अर्ज

महोत्सवाच्या स्मरणिकेत ख्रिस्तमंदिराच्या बांधकामाची, वेदीची, घंटेची आणि देणगीदारांची हकीकत यावयाची ही रूढी आहे, आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र येथे एका साध्या कागदाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. तो कागद म्हणजे गरीब विद्यार्थ्याने आपली फी माफ व्हावी म्हणून केलेला अर्ज. जुन्या शाळांतून त्यास नादारीचा अर्ज म्हणत. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. आणि नादारी मंजूर झाली म्हणजे पुरी किंवा अर्धी फी सुटे. हल्ली फ्रीशिप, शिष्यवृत्ती, शुल्कप्रतिपूर्ती अशी भारदस्त नावे प्रचारात आली असली तरी वस्तू तीच आहे. द्रव्य एकीकडे असते, विद्यार्थी दुसरीकडे असतो आणि मध्ये हा अर्ज असतो. दात्यांचा व कायद्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. अर्जाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. परंतु जतसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात मुलगा शिकला की राहिला हे पुष्कळदा त्यावरच ठरत आले आहे.

गरिबाच्या मुलाने फी न देता शिकावे ही कल्पना ख्रिस्तसभेस नवी नाही. ११७९ साली रोम येथे लॅटरन मंदिरात भरलेल्या धर्मपरिषदेने असा नियम केला की, प्रत्येक कॅथेड्रलाने एका शिक्षकाच्या निर्वाहाची तजवीज करावी आणि त्याने धर्मसेवेचे उमेदवार व गरीब विद्यार्थी यांस विनामूल्य शिकवावे. शिकविण्याचा परवाना देताना कोणी पैसे घेऊ नयेत, असेही त्यात बजावले आहे. १२१५ च्या परिषदेस तोच नियम पुन्हा सांगावा लागला, यावरून पहिल्या नियमाची अंमलबजावणी कशी झाली असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. पुढे १५९७ साली संत जोसेफ कॅलसँझ यांनी रोम शहरातील एका गरीब वस्तीत मोफत शाळा उघडली. नियम करणे सोपे, परंतु तो गरिबाच्या दारापर्यंत नेणारा मनुष्य निराळा लागतो, ही गोष्ट त्या काळापासून दिसत आली आहे.

आपल्या मुलुखात विद्येसाठी द्रव्य देण्याची वाट वेगळी होती. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल बसल्यावर त्या निधीच्या आधाराने १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली पुण्यातील काही सुधारक मंडळींनी सरकारास अर्ज केला की, या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. अर्जावर सह्या करणारांवर मोठा रोष झाला. त्या वेळी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सार्वजनिक द्रव्य कोणाच्या विद्येस लागावे हा वाद आपल्याकडे उघडपणे सुरू झाला तो असा एका अर्जावरून.

हेच जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८८२ साली हंटर कमिशनापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात शिष्यवृत्त्यांविषयी एक मार्मिक मुद्दा आहे. केवळ चढाओढीच्या परीक्षेवर शिष्यवृत्ती देण्याची रीत वरवर पाहता न्याय्य दिसते, परंतु तिने ज्या वर्गांत विद्या पोचलेलीच नाही त्या वर्गांत ती पोचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शर्यत सर्वांस खुली आहे असे सांगावयाचे आणि निम्म्या मुलांस शर्यतीची वार्ताही लागू द्यावयाची नाही, यास न्याय कसा म्हणावा? आज या गोष्टीस एकशेचाळीसांहून अधिक वर्षे झाली, तरी आमच्या मते शिष्यवृत्तीविषयी यापेक्षा शहाणपणाचे बोलणे थोडेच झाले आहे.

आता जतकडे वळू. डफळे घराण्याचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, त्यात जत आले, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली पडले. सांगली म्हटले की कृष्णाकाठची हळद, ऊस आणि द्राक्षे लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. जत त्याच जिल्ह्यात असूनही पर्जन्यछायेतला, माळरानाचा, माडग्याळी मेंढ्यांचा आणि तुटपुंज्या पावसाचा प्रदेश आहे. पूर्वेकडील गावांतून मराठीइतकीच कानडी बोलली जाते. पाण्यावाचून कंटाळलेल्या सीमेवरील चाळीस गावांनी एकदा कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, आणि २०२२ साली त्याच ठरावावरून दोन राज्यांत मोठी बोलाचाली झाली. पाणीच नाही तेथे पीक कसले, आणि पीक नाही तेथे फी कसली! कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीस निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

अशा मुलुखातील मुलास संस्थानी काळात कॉलेजात जावयाचे झाले तर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज किंवा १९१९ साली निघालेले सांगलीचे विलिंग्डन कॉलेज ही त्यातल्या त्यात जवळची ठिकाणे. फीपेक्षाही भारी पडे तो राहण्याजेवणाचा खर्च. वार लावून जेवणे, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवणे, हा गरीब ब्राह्मण मुलांचा जुना आधार होता. इतर जातींच्या मुलांस तो नव्हता, आणि ख्रिस्ती मुलास कोण वार देणार? ही अडचण ज्याने मुळात ओळखली तो पुरुष म्हणजे कोल्हापूरचे श्री शाहू छत्रपती महाराज. १९०१ साली त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा नाना समाजांची वसतिगृहे निघत गेली. त्यांत इंडियन ख्रिश्चन मुलांचेही एक होते. १९१७ साली महाराजांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर टीका झालेली आहे. आम्हांस ती फारशी पटत नाही. ज्यास कोणीच पंक्तीस घेत नव्हते त्यास आधी ताट मिळाले. एक पंक्ती करण्याचे काम पुढच्या मनुष्याने केले.

तो पुढचा मनुष्य म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथला आणि शिक्षण कोल्हापुरास. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका ठिकाणी राहत व जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट सातारा जिल्ह्यात घरोघर सांगतात. परंतु आमचे लक्ष वेधते ती भाऊरावांची दुसरी युक्ती. गरीब मुलाने फुकट घ्यावे आणि उपकाराखाली वाकावे हे त्यांस मान्य नव्हते. मुलाने शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात श्रम करावेत आणि त्या श्रमावर शिकावे. 'कमवा आणि शिका' हे नाव पुढे सर्वत्र झाले ते यातूनच. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि श्रम करून पदवी घेण्याची वाट त्या कॉलेजापर्यंत गेली. ज्या अर्जात मी गरीब आहे एवढेच लिहावयाचे असते त्या अर्जात मी काम करीन असेही लिहिता येऊ लागले. सही करताना मान खाली जात नाही, हा काही लहान फरक नव्हे.

दात्याने दिलेली शिष्यवृत्तीही पुष्कळदा करारानेच बांधलेली असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बालपणी काही वर्षे साताऱ्यास होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील शाळेत दाखल झाले. १९१३ साली बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी त्यांस कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी असा लेखी करार होता. ते परत येऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांस शहरात राहावयास जागा मिळेना, आणि शेवटी ते शहर सोडणे भाग पडले. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सर्व मिळाले असे नव्हे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? १९४४ साली हिंदुस्थान सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकपुढील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि त्या योजनेमागे त्यांचा आग्रह होता.

येथे आपल्या लोकांस जिव्हाळ्याचा प्रश्न उभा राहतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. अनुसूचित जातींची यादी ज्या १९३६ च्या हुकुमाने प्रथम निघाली त्याच हुकुमात असे लिहिले होते की, कोणीही हिंदी ख्रिस्ती मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने हा लाभ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन् यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. याचा अर्थ असा की, आजा-पणजा ज्या वाड्यात राहिला, ज्या विहिरीवरून हाकलला गेला, त्याच घरातील दोन भावांपैकी एकाच्या मुलास एक शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याच्या मुलास ती नाही. बाप्तिस्म्याने आत्म्याचे बंध सुटले. गावाने घातलेले बंध त्याच दिवशी सुटले नाहीत. या अन्यायाविषयी आमचे मत आम्ही झाकून ठेवीत नाही. तरीपण कायदा बदलेपर्यंत जे आहे ते तरी हाती आले पाहिजे.

जे आहे ते थोडे नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरली जातात. शिवाय १९९३ पासून ख्रिस्ती समाज हा अधिसूचित अल्पसंख्याक आहे, आणि त्या नात्याने २००७-०८ पासून केंद्र सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या निघाल्या, ज्यांत ३० टक्के मुलींसाठी राखून ठेवल्या होत्या. २०२२ साली पहिली ते आठवीच्या मुलांची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मात्र बंद झाली. सरकारी योजना येते तशी जाते. म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या मुलास मिळाली होती एवढ्यावर कोणी विसंबून राहू नये. दर वर्षी नवे परिपत्रक पाहावे.

याखेरीज जातीशी संबंध नसलेली एक वाट आहे, आणि ती आपल्याच भागातील मनुष्याने उघडली. १९५९ च्या सुमारास पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांस फीची सवलत मिळू लागली. ई. बी. सी. हे तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव खेड्यापाड्यांत इतके रुळले की, कित्येकांस त्याचा अर्थ ठाऊक नसतानाही ते तोंडपाठ होते. 'बाराशे रुपयांच्या आतला दाखला' हा शब्दप्रयोग त्या पिढीतील मंडळींस अजून आठवत असेल. २०१६ साली याच सवलतीस राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले, आणि उत्पन्नाची मर्यादा पुढे ८ लाखांपर्यंत गेली. २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ठरावीक वर्गांच्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, पूर्ण माफ करण्यात आली.

जतमध्येच कॉलेज निघाले ते १९६९ साली. कोल्हापूरच्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने, म्हणजे बापूजी साळुंखे यांच्या संस्थेने, ते काढले आणि त्यास राजे रामराव महाविद्यालय असे नाव दिले. त्यायोगे सांगली-कोल्हापूरचा मुक्कामाचा खर्च वाचला, आणि ज्या मुलींस दूर धाडण्यास घरचे राजी नसत त्यांचीही वाट मोकळी झाली. एका तालुक्यात एक कॉलेज निघणे ही मोठ्या शहरात क्षुल्लक गोष्ट वाटेल. जतेत ती तशी नव्हती.

याच ठिकाणी आपल्या ख्रिस्तसभेच्या एका अलीकडील कार्याचा उल्लेख करणे उचित होईल. ज्यांचे शिक्षण अर्धवट सुटले आहे अशांस अल्प मुदतीत, अल्प फीत, रोजगाराची विद्या द्यावी या हेतूने मद्रास-मैलापूर धर्मप्रांताने १९९६ साली चेन्नईत 'कम्युनिटी कॉलेज' उघडले, आणि येशूसंघाचे फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही कल्पना देशभर नेली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही तशी योजना आखली. मूळ कल्पना अमेरिकेतली. तेथे अशा कॉलेजांत जाणारा गरीब विद्यार्थी संघराज्य सरकारकडे साह्याचा अर्ज करतो. तो अर्ज सोपा करावयाचा म्हणून २०२३ च्या अखेरीस नव्या स्वरूपात आणला, तर तो उशिरा निघाला, त्यात दोष निघाले आणि विद्यार्थी महिनोगणती खोळंबले. तेव्हा अर्जाचे दुखणे केवळ जत तालुक्याचे आहे असे कोणी मानू नये.

आमच्याकडचा अर्ज आता कागदावर नसून 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. विद्यार्थ्याने तो भरावयाचा, कॉलेजातील लेखनिकाने तपासून पुढे धाडावयाचा, मग त्या त्या खात्याच्या कार्यालयाने मंजूर करावयाचा, आणि रक्कम विद्यार्थ्याच्या आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात यावयाची. यांतील एक कडी जरी निसटली तरी अर्ज अडकून पडतो. नावाचे स्पेलिंग आधारावर एक आणि मार्कशीटवर दुसरे असणे ही आपल्या लोकांत नेहमीची अडचण आहे, कारण बाप्तिस्म्याचे नाव, घरचे नाव आणि शाळेतील नाव ही पुष्कळदा तीन निरनिराळी असतात. शिवाय उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आणावयाचा. त्यासाठी तलाठ्याचा, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अहवाल लागतो. आई-बाप ऊसतोडीस कृष्णाकाठी किंवा कर्नाटकात गेलेले, रेशनकार्ड त्यांच्या पेटीत, ओटीपीचा मोबाईल बापाच्या खिशात, आणि मुलगी आजीजवळ जतेत. अर्ज नामंजूर झाला नाही; तो भरलाच गेला नाही. अशा मुलांची नोंद कोणत्याही तक्त्यात येत नाही.

जुन्या काळी हे काम कोण करी? गावचा मास्तर करी, आणि आपल्या लोकांत धर्मशिक्षक व धर्मगुरू करीत. त्यांच्या हाताला अर्जाची भाषा ठाऊक होती. १८३३ साली पॅरिसमध्ये धन्य फ्रेडरिक ओझानाम यांनी विशीतील विद्यार्थी असताना संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाने जे मंडळ सुरू केले, त्याचा मुख्य नियम गरिबास दारी बोलावू नये, त्याच्या घरी जावे असा आहे. अर्जाच्या कामी हा नियम अक्षरशः लागू पडतो. गाळप हंगामाच्या आधी, म्हणजे गणपती ते दसऱ्याच्या दरम्यान, दोघा शिकलेल्या तरुणांनी घरोघर जाऊन उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, बँकेचे पुस्तक व आधाराची जोडणी एवढे तपासले तर पुढचे काम निम्मे होते.

राहता राहिला जातीचा दाखला. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते 'ख्रिश्चन' लिहिलेले असले म्हणजे अडचण येते, आणि मग जुने जन्ममृत्यूचे उतारे, जमिनीचे कागद, भाऊबंदांचे दाखले शोधीत फिरावे लागते. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या पुस्तकांचे महत्त्व फार आहे. त्यांत मुलाचे नाव, आईबापांची नावे, गाव व तारीख असते. जुन्या नोंदींत कधी कधी त्याहून अधिकही सापडते. इतर पुराव्यांच्या जोडीला वंशावळ जुळविण्यास त्यांचा उपयोग होतो. ज्या धर्मग्रामांत १९६७ पूर्वीची पुस्तके आहेत तेथे ती वाळवी व दमटपणा यांपासून राखून, त्यांची पाने छायाचित्रांत उतरवून, नावांची वर्णानुक्रमे सूची करून ठेवावी. सूची नसलेल्या पुस्तकात एक नाव शोधावयास एक दुपार जाते, आणि अर्जाची मुदत तर त्याच संध्याकाळी संपत असते.